पडद्यावरचा धोबीपछाड

 'पकड' हा विषय मनात धरून पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला गेलं, की आधी नजरेत भरते ती तलवार. तानाजी मालुसऱ्यांचं हे गाव. इथे त्यांची समाधी आहे, शेलारमामांची समाधी आहे आणि तानाजींचा शस्त्र घेतलेला पुतळा आहे. माघ वद्य नवमीला, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडाच्या रात्रीच्या तिथीला, इथे माणसं जमतात. गावाच्या मागे सह्याद्री उभा आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की प्रतापगड, आणि त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ ला मराठी इतिहासातली सर्वांत गाजलेली अंगलट घडली. सभासदाच्या बखरीत आहे ते असं: अफझलखानाने भेटीत महाराजांची मान काखेखाली दाबून धरली. पुढे वाघनख, बिचवा वगैरे सगळ्यांना पाठ असतं. पण मान काखेत सापडली त्या क्षणी आधीचा प्रश्न हत्याराचा नव्हता, तोलाचा होता. परंपरेने धिप्पाड सांगितलेला माणूस आपल्याहून ठेंगण्या माणसाची मान काखेत घेतो, तेव्हा त्याला वाकावंच लागतं, आणि वाकला की त्याचा भार पावलांच्या पुढे सरकतो.

शिवकाळावर निघालेले मोबाइलवरचे बहुतेक खेळ मात्र धावणं, उडी मारणं आणि सपासप वार करणं यांतच संपतात. अंगलट त्यांत नसते, आणि असलीच तर बटण दाबल्यावर सुरू होणारी छोटी चित्रफीत असते. हा आळस आहे असं मी म्हणणार नाही. वार दाखवायला एकाच शरीराची हालचाल पुरते. डाव दाखवायला दोन शरीरं लागतात, आणि ती क्षणाक्षणाला एकमेकांची गणितं बदलत असतात. संगणकावरच्या लढतीच्या खेळांत ज्युदोसारखी फेक अजून कच्ची राहते याचं कारण, माझ्या मते, खेळ करणारे जोर वाढवत बसतात आणि पकड व पाय यांकडे दुर्लक्ष करतात. हे काम नीट करायचं तर त्याचं ज्ञान महाराष्ट्रातल्या तालमींत आणि कबड्डीच्या मैदानांत आजही जिवंत आहे. या लेखाचा मुद्दा एवढाच.

ठरलेली फेक

'टेक्केन'सारखे लढतीचे खेळ १९९४ पासून मुलांच्या हातात आहेत. त्यांत फेक कशी होते ते पाहू. खेळाडू समोरच्याच्या जवळ जातो आणि दोन बटणं दाबतो. संगणक फक्त अंतर आणि वेळ तपासतो. दोन्ही जुळलं की पुढची हालचाल आधीच तयार करून ठेवलेली असते. फेकणारा आणि फेकला जाणारा अशा दोघांच्या शरीरांचा तो एक जोडीचा नाच असतो. समोरचा जाडा असो की किडकिडीत, एका पायावर असो की दोन्ही पाय रोवून उभा, तो तसाच उचलला जातो आणि तसाच पडतो. सुटकेचं बटण वेळेत दाबलं तर पकड सुटते, एवढीच त्यातली चुरस.

अशा खेळांना नावं ठेवण्याचं कारण नाही, ते आपल्या जागी उत्तम आहेत. पण त्यांत डाव बसत नाही, दाखवला जातो. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेल्या दहा खंडी 'व्यायाम ज्ञानकोशा'सारख्या थोर कामालाही हीच मर्यादा होती. छापील पानावर डावाची सुरुवात दिसते, शेवट दिसतो, आणि मधला अर्धा सेकंद निसटतो. कागदावर ते अटळ होतं. संगणकाला तो मधला अर्धा सेकंद प्रत्यक्ष मोजता येतो. तरीही त्याने आधीच काढलेली चित्रंच दाखवायची असतील, तर हाती आलेलं साधन वापरलंच नाही असं होईल.

वीस सांधे आणि चार हुकूम

दुसऱ्या जातीचे खेळ भौतिकशास्त्रावर चालतात. त्यांतला सर्वांत निष्ठेने खेळला गेलेला म्हणजे हॅम्पस सॉडरस्ट्रॉम यांनी बनवलेला आणि २००६ मध्ये आलेला 'तोरिबाश'. त्यातल्या दोन आकृत्यांची नावं तोरी आणि उके, म्हणजे ज्युदोत फेकणारा आणि फेक घेणारा. प्रत्येक आकृतीला मान, छाती, कंबर, पोट, खांदे, कोपरं, मनगटं, नितंब, गुडघे, घोटे वगैरे मिळून वीस सांधे असतात. प्रत्येक सांध्याला चारच हुकूम देता येतात: आवळ, पसर, आहे तसा धर, किंवा सैल सोड. हाताच्या पंजांना पकडीचा हुकूम वेगळा. खेळ डावाडावाने चालतो. वेळ थांबलेली असते, दोघेही आपापले सांधे ठरवतात, मग काही क्षण काळ पुढे सरकतो आणि पुन्हा थांबतो. आपण निवडलेल्या हालचालीने पुढे काय होईल याची फिकट छाया पडद्यावर दिसते. समोरच्याने काय निवडलंय ते मात्र त्या छायेत नसतं.

इथे 'फेक' नावाचं बटणच नाही. फेक हवी असेल तर ती घोट्यापासून मानेपर्यंत बांधत न्यावी लागते. खेळाडूंनी स्वतः तयार केलेले नियमसंचही आहेत. त्यांतल्या ज्युदो-आयकिदोच्या धर्तीवरच्या संचांत पंजे आणि पावलं सोडून दुसरा अवयव जमिनीला लागला की हार. आपल्याकडच्या चितपटीपेक्षा हा नियम कडक आहे, कारण चितपटीला पाठ टेकावी लागते आणि इथे गुडघा टेकला तरी संपलं. पण त्यामुळेच हे संच तोल शिकवण्याची चांगली शाळा ठरतात.

असं असूनही या खेळातल्या नवख्यांच्या फेकी पाहिल्या की त्या फेकी वाटत नाहीत. दोन बाहुल्या एकमेकींना चिकटून गरगरतात, हवेत तरंगतात आणि कुठेतरी आपटतात. त्याला कारणं आहेत, आणि ती तालमीतल्या माणसाला चटकन ओळखू येतील अशी आहेत.

धोबीपछाड, सांध्या-सांध्याने

धोबीपछाड घेऊ, कारण ज्युदोतली खांद्यावरची फेक आणि आपला हा डाव सख्खे भाऊ आहेत. समोरच्याचा एक हात धरायचा, आपण गर्रकन वळून त्याच्याकडे पाठ करायची, तो हात आपल्या खांद्यावरून पुढे ओढायचा आणि त्याला पाठीवरून आणून समोर आपटायचं. पाहणाऱ्याला दिसतो तो शेवटचा झटका. म्हणून नवखा खेळाडू काय करतो, तर खांदा आवळतो, कोपर आवळतो, छाती आवळतो, सगळा जोर हातात आणतो. आकृती पुढे झुकते आणि स्वतःच तोंडावर पडते.

साधा हिशोब करून पाहू. समोरचा ८० किलोचा आहे. त्याचा भार आपल्या आधारापासून अर्धा मीटर दूर असताना त्याला हातांनी पेलायचं, तर सांध्यावर सुमारे ३९२ न्यूटन-मीटर इतका पीळ येतो. तेवढा जोर खांद्यात नसतो, भल्या पैलवानाच्याही नसतो. आता गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कंबरेखाली सरकवली आणि त्याचा भार आपल्या आधारापासून १० सेंटिमीटरवर आणला, तर हाच पीळ सुमारे ७८ वर येतो. वजन तेवढंच राहतं, काम पाच पटीने हलकं होतं. 'खाली शीर, कंबर घाल' असं वस्ताद कोवळ्या पोराला रोज ओरडून सांगतो, त्यामागचा हिशोब हा.

म्हणजे पडद्यावरच्या आकृतीला हुकूम द्यायचा क्रम उलटा करावा लागतो. पहिल्या खेपेला हातांनी फक्त पकड धरायची, कोपर 'आहे तसं' ठेवायचं, आणि सगळं लक्ष घोट्यांवर आणि गुडघ्यांवर द्यायचं. गुडघे वाकले की मग छाती आणि पोट फिरवून पाठ द्यायची. या वेळी ओढलेला हात समोरच्याला किंचित पुढे आणतो, त्याची टाच उचलली जाते. कंबर खाली पोचली की मगच गुडघे पसरायचे आणि पोट आवळायचं. हात सर्वांत शेवटी. फेकीचा बहुतेक जोर मांड्यांतून येतो, हात फक्त दिशा देतात. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान स्थापलं, आणि त्यांच्या ज्युदोत फेकीचे तीन टप्पे शिकवले जातात: तोल मोडणं, जागा घेणं, फेकणं. आपल्या तालमीत हे असे वेगळे पाडून क्वचितच सांगितले जातात, पण खडाखडीत हाताला हात लावून समोरच्याला हलवत राहतात, तो पहिला टप्पाच असतो.

खेळ करणाऱ्यांनी इथे एक चूक पुन्हा पुन्हा केली आहे. फेक बसत नाही अशी ओरड झाली की ते सांध्यांची ताकद वाढवतात. ताकद वाढली की वाकायची गरज उरत नाही, हातानेच माणूस भिरकावता येतो, आणि मग आकृत्या फुग्यासारख्या उडायला लागतात. ताकद कमी ठेवली तर खेळाडू आपोआप कंबर घालायला शिकतो. फेक सुधारायची पहिली पायरी म्हणूनच सांध्यांचा जोर उतरवणं ही आहे.

घामाची आणि मातीची पकड

दुसरा दोष पकडीचा. भौतिकशास्त्राच्या बहुतेक खेळांत पंजा ज्याला टेकला त्याला पक्का चिकटतो. जणू वेल्डिंग केलं. सोडायचा हुकूम दिल्याशिवाय तो सुटत नाही, कितीही ओढा. त्यामुळे दोन शरीरांचं एकच लाकडी ओझं होतं आणि ते गरगरू लागतं. खऱ्या पकडीला तीन गोष्टी असतात. ती ठरावीक ओढीपलीकडे निसटते, ती कातडीवर सरकते, आणि ती सगळ्या दिशांना सारखी नसते. ज्युदोगीची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाची, बाही धरून माणूस ओढता येतो, पण तीच बाही धरून ढकलू गेलं तर कापड नुसतं दुमडतं. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने ते सुटतं, चार बोटांच्या बाजूने नाही. हे गणितात बसवणं अवघड नाही. पकडीला तुटण्याची मर्यादा द्यायची, कापडाला फक्त ताण घेणारी दोरी मानायची, आणि घर्षण बदलतं ठेवायचं.

बदलत्या घर्षणाचा धडा आखाड्यात रोज गिरवला जातो. हौद्यातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलं असतं. कुस्ती लागली की पैलवान मूठभर माती उचलून आपल्या आणि समोरच्याच्या अंगाला लावतो. घामाने निसरडं झालेलं अंग मातीने कोरडं होतं आणि हाताला धरायला काहीतरी मिळतं. कुस्ती लांबली की पुन्हा घाम, पुन्हा माती. ढाकेसारखा डाव या घर्षणावर तगतो. मानेला आणि हाताला वेढा घालून कंबर आत टाकायची आणि समोरच्याला उलथवायचं, यात मानेवरचा वेढा एक बोट सरकला तरी डाव फसतो आणि डाव मारणारा स्वतः पाठीवर येतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव ढाकेसाठी ओळखले जात. मातीत तयार झालेला पैलवान परक्या देशातल्या गादीवर तोच डाव वापरतो, तेव्हा त्याला वेढ्याचा घट्टपणा नव्याने जोखावा लागतो. पडद्यावरच्या खेळात आखाडा आणि गादी यांच्यात आज फक्त रंगाचा फरक असतो. तो घर्षणाचा असायला हवा.

पडणाऱ्याचं शहाणपण

सर्वांत मोठी उणीव तिसरी आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. पडद्यावर ज्याला फेकायचं तो बहुधा निर्जीव असतो. संगणक चालवत असेल तर तो ताठ उभा राहतो, आणि तोल गेला की पोत्यासारखा कोसळतो. खरा माणूस पडता पडता पाय टाकतो. उभ्या माणसाचा तोल जायला लागला की तो सावरायला त्याच्याकडे अर्ध्या सेकंदाच्या आसपासचाच वेळ असतो, आणि नुसतं काय चाललंय ते कळायलाच त्यातला ०.२ सेकंद जातो. उरलेल्या वेळात तो एक पाऊल टाकतो. डाव जमतो तो त्या पावलावर.

हे समजून घ्यायला उमरठच्याच रायगड जिल्ह्यासारखी जागा नाही, कारण हा कबड्डीचा मुलूख आहे. भातकापणी उरकल्यावर मोकळी झालेली मैदानं सामन्यांसाठी आखली जातात. कोपऱ्यात उभा राहणारा पकडपटू चढाईवाल्याच्या तोंडाकडे पाहत नाही, त्याची नजर घोट्यावर असते. ज्या पायावर भार आहे तो पाय ओढून निघत नाही. भार उतरू लागलेला किंवा अजून टेकलेला नसलेला पाय निघतो. म्हणून तो घोट्याला हात घालायला नेमका तोच क्षण धरतो, आणि दुसरा गडी कंबरेला भिडतो. ज्युदोत पुढे येणारा पाय टेकण्याआधी झाडून घेण्याची फेक आहे, तिचं तत्त्व हेच. कुस्तीतली टांग आणि एकेरी पटही त्याच घटकेची वाट पाहतात. समोरच्याला उजवीकडे ढकलायचं, तो सावरायला उजवा पाय टाकणार हे माहीत असतं, आणि आपण त्या पायावरच बसलेलो असतो.

म्हणजे फेकीत अर्धं काम पडणारा करतो. त्याला सावरायची बुद्धी दिली नाही, तर फेकणाऱ्याच्या बुद्धीला कामच उरत नाही. चांगल्या खेळात उकेच्या आकृतीने तीन गोष्टी स्वतःहून कराव्यात: भार पावलांच्या चौकटीबाहेर जाऊ लागला की पाऊल टाकावं, पाऊल अडलं तर हाताने आधार शोधावा, आणि दोन्ही जमलं नाही तर अंग गोल करून पडावं. मग ढकलून ओढणं, ओढून ढकलणं, हूल देणं यांना पडद्यावर अर्थ येतो. आज हूल देऊन काही मिळत नाही, कारण समोरचं शरीर हुलीला फसायच्या लायकीचंच नसतं.

हे हवंय कुणाला?

यावर पहिला आक्षेप येतो तो खेळणाऱ्यांचा. दिवसभर काम करून माणूस दहा मिनिटं खेळायला बसतो, त्याला वीस सांध्यांची कसरत कशाला? आक्षेप रास्त आहे. पण वीसही सांधे खेळाडूच्या हाती देणं बंधनकारक नाही. पाय, कंबर, पकड आणि दिशा एवढी चारच सूत्रं त्याच्या हाती ठेवून बाकीचं शरीर संगणकाने सांभाळावं. २०१७ च्या 'गँग बीस्ट्स'मध्ये ठोसे, लाथा, पकडणं, उचलणं अशा मोजक्याच हालचाली हाती असतात, तरी माणसं हसत-खिदळत तासन्‌तास खेळतात. सोपेपणाचा आणि खरेपणाचा झगडा वाटतो तितका पक्का नाही. खेळाडूला भार कुठे चाललाय ते दिसलं की काम झालं, कारण खऱ्या पैलवानाला जे हाताला जाणवतं ते इथे डोळ्यांना दाखवावं लागतं. पावलांभोवती एक चौकट आणि भाराचा एक ठिपका, एवढं दाखवलं तरी नवखा पोर्‍या काही फेऱ्यांत ठिपका चौकटीबाहेर काढायला शिकेल.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा. यंत्रशिक्षण हे सगळं स्वतःच शिकेल, हातांनी नियम कशाला लिहायचे? २०१८ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी 'डीपमिमिक'मध्ये माणसाच्या हालचालींवरून आकृत्यांना कोलांट्या आणि लाथा शिकवल्या. २०२१ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी दोन आकृत्यांना मुष्टियुद्ध आणि तलवारबाजी शिकवली. काम मोठंच आहे. पण त्यांनी निवडलेले खेळ पाहा: दोन्हींत अंगाचा स्पर्श क्षणभराचा. कुस्तीत स्पर्श सुटतच नाही. शिवाय असं शिकणारी यंत्रणा ज्या जगात शिकते, त्या जगातली प्रत्येक चूक शोधून तिचा फायदा घेते. पकड वेल्डिंगसारखी असेल तर ती वेल्डिंगवर जिंकायला शिकेल, धोबीपछाड शिकणार नाही. आधी माती आणि घाम खरे करायला हवेत.

तिसरा आक्षेप तालमीचा, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. पडद्यावर कुस्ती खेळून पोरं आखाड्यात उतरणार आहेत का? उतरणार नाहीत, आणि तसा दावा कुणी करू नये. जोर-बैठकांना पर्याय नाही. पण उमरठ-पोलादपूरच्या गावांतून कमावती पोरं मुंबईला जातात, तालीम सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, फोन मात्र सगळ्यांच्या हातात आहे. त्या फोनवर त्यांना कलाजंगासारखा डाव भेटला, त्याचा भार कुठून कुठे जातो ते कळलं, तर निदान ते जत्रेतल्या फडात कुस्ती वेगळ्या डोळ्यांनी पाहतील. राजर्षी शाहूंच्या खासबाग मैदानात १९१२ पासून लोक गर्दी करत आले ते निकाली डाव कळणाऱ्या डोळ्यांनी. असे जाणते प्रेक्षक नसतील तर कुस्ती फार दिवस तगणार नाही.

पुण्यात आज खेळ बनवणारे चांगले स्टुडिओ आहेत. भारतीय कथेवरचा 'राजी' २०२० मध्ये तिथूनच आला. त्यांना आणि त्यांच्यामागून येणाऱ्या तरुण खेळकर्त्यांना सांगणं आहे: पुढचा मावळ्यांचा खेळ करायला घ्याल, तेव्हा तलवारीआधी एक अंगलट घडवा. तालमीत जाऊन बसा, मोजमापाची साधनं घेऊन दोन्ही पैलवानांच्या पावलांखालचा भार मोजा, पकड किती ओढीला सुटते ते मोजा, आणि पडणाऱ्याची नोंद फेकणाऱ्याइतकीच बारकाईने करा. आणि वस्तादांना विनंती, की ही पोरं दाराशी आली तर त्यांना आत घ्या. तुमच्याकडचे कितीतरी डाव अजून कुठेही नोंदलेले नाहीत.